चेअरमनचं मत

ह्यूस्टनच्या घामट उन्हाळ्यात रोज टाय लावून येणारा आमच्या विद्यापीठात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या गाडीतून यायचा. गाडीचा एसी बंद. काच खाली केली की म्हणायचा, "ताई, फायली उडतात." वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, तरी मी ताई! मी शुगर लँड या उपनगरात आईबाबांकडे राहायचे, त्याची खोली वाटेवर, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. सांगलीकडच्या गावी त्याचे वडील पतसंस्थेचे चेअरमन होते. ते त्यानं इतक्यांदा सांगितलं, की मी त्याचंच नाव 'चेअरमन' ठेवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेलाचे भाव कोसळले होते, नोकऱ्यांची मारामार होती. आधार हवा म्हणून बिझनेस शाखेच्या आम्ही काही मुलामुलींनी एका देशभरच्या विद्यार्थी संघटनेची, म्हणजे फ्रॅटर्निटीची, शाखा काढली. नावात ग्रीक अक्षरं, मुलींनासुद्धा 'ब्रदर' म्हणायचं, असला प्रकार. पण आम्ही अजून नुसते उमेदवार. मुख्यालयाचा माणूस तपासून जाणार, मग सनद मिळणार आणि आम्ही अधिकृत शाखा, म्हणजे 'चॅप्टर' होणार. सनदेवर पहिल्या अध्यक्षाचं नाव सोनेरी अक्षरांत. चेअरमन आमचा हंगामी अध्यक्ष. त्या एका ओळीत आपलं नाव यावं म्हणून त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. "कॉपी वडिलांच्या ऑफिसात लावायचीय, ताई."

त्याच्या मीटिंगा म्हणजे शिक्षा. पिझ्झा गार व्हायचा, प्रास्ताविक संपायचं नाही. शेवटी आभारप्रदर्शन, तेही हॉल झाडणाऱ्या माणसापासून. टेक्ससची पोरं मला विचारायची, "इज ही डन?" मी काय सांगणार, कपाळ! पण आमच्यातल्या केव्हिनच्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा हाच माणूस चिवड्याचा डबा घेऊन त्याच्या घरी जाऊन बसला होता. पोरं वैतागायची, सोडून कुणी गेलं नाही.

मग निवडणूक आली. केव्हिन आणि लिंडा, दोघांना अध्यक्षपदासाठी उभं राहायचं होतं. चेअरमननं दोघांना वेगवेगळी कॉफी पाजली, एकाला उपाध्यक्ष केलं, दुसरीला खजिनदार, आणि माघार घ्यायला लावली. सगळी पदं बिनविरोध! स्वारी हवेत. "आमच्याकडे बिनविरोध म्हणजे संस्थेची अब्रू असते. मतदान लागलं की गावात फूट." मी म्हटलं, "अहो, इथे फूट चालते, मतदान लागतं!" पण पालथ्या घड्यावर पाणी.

मुख्यालयाचा माणूस आला. चेअरमननं त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला. तो बिचारा नारळ मांडीवर घेऊनच बसला. मग त्यानं विचारलं, तुमच्या विरोधात कोण उभं होतं?

"नोबडी, सर. एव्हरीबडी वॉज कन्व्हिन्स्ड."

"कन्व्हिन्स्ड बाय हूम?"

"बाय मी, सर!" चेअरमननं अभिमानानं सांगितलं.

मी डोळेच मिटून घेतले. निकाल लागला: पुन्हा निवडणूक घ्या, निदान दोन उमेदवार, गुप्त मतदान, नाहीतर सनद विसरा.

आता उभं राहणार कोण? केव्हिन आणि लिंडा आपापल्या पदांवर खूश, त्याच्याविरुद्ध जायला तयार होईनात. शेवटी चेअरमनच माझ्याकडे आला. "ताई, नावापुरत्या उभ्या राहा. सनद जातेय हो." राहिले. तर या महाशयांनी आपलं प्रचाराचं भाषण माझं कौतुक करण्यात घालवलं! विरोधकाचा मान राखायचा असतो म्हणे. मी मात्र निमूटपणे त्याच्या नावावर खूण केली. मतं मोजली. मी एका मतानं निवडून आले.

परत येताना गाडीत मला शंका आली. "चेअरमन, तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"तुम्हाला."

"का?"

"स्वतःच्या नावावर स्वतः खूण करायची? बरं दिसतं का ते?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि अक्षरशः ओरडले. "अहो, मी तुम्हाला दिलं होतं! तुमचं एक मत पडलं असतं तर तुम्ही आला असतात!"

त्यानं मांडीवरच्या फायली सारख्या केल्या. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या दोघांपुरती बिनविरोधच झाली की."

मला हसू येईना. राजीनामा देते म्हटलं, तर माझ्यावरच उखडला. "तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायचीय का?" मग त्यानं टाय सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि काच खाली केली. फायली उडाल्या, त्यानं धरल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही तितकाच आला.

सनद मिळाली. माझं नाव सोनेरी अक्षरांत. त्याचं आभारप्रदर्शन त्या दिवशीही संपता संपेना, फक्त "इज ही डन?" कुणी विचारलं नाही. शिक्षण संपवून तो गावी परत गेला. एअरपोर्टवर त्याच्या काखेत सनदेच्या कॉपीची गुंडाळी होती. "वडिलांच्या ऑफिसात लावणार. नाव तुमचं असलं तरी संस्था आपली ना?"

आता आमच्या वस्तीच्या कमिटीच्या निवडणुकीला मी दरवर्षी उभी राहते. चिठ्ठी हातात येते, माझं नाव समोर असतं, आणि पेन तिथे अडतं. बरं दिसतं का ते? मग शेजारणीच्या नावावर खूण करते. गेल्या वर्षी एका मतानं पडले. चेअरमन, वाटोळं केलंत हो माझं.