अंतरा प्रभाबेनचा

माझ्या गुरुबंधूइतका निर्लज्ज संगीतकार अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा नाही, आणि त्याचा मला इतका हेवा वाटतो की त्याचं नाव निघालं तरी माझ्या तोंडचा चहा कडू होतो. आम्ही एकाच गुरूंकडे शिकलो. नवी रचना करायची तर मी अनुदानासाठी संस्थांना अर्ज करतो आणि उत्तराची वाट बघतो. हा बेव्हर्ली पार्कात घरोघरी बेल वाजवतो. दार उघडलं की विचारतो, "नवीन बंदिश करतोय. एखादा तुकडा तुम्ही घेता का?" आणि लोक घेतात! मुखडा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा, अंतरा तळमजल्यावरच्या प्रभाबेनचा, तराणा अख्ख्या बी विंगचा. ज्यांनी पैसे घातले त्यांच्याच घरी ती पहिल्यांदा गायची, हा त्याचा नियम. एकदा मीही ऐकायला गेलो होतो, तेव्हा प्रभाबेननं त्याला मध्येच थांबवलं. "मेरा अंतरा एक ही बार? डॉक्टरवाला तो कितनी बार आया!" मुखडा फिरून फिरून येणारच, हे समजावून सांगायचं सोडून या पठ्ठ्यानं तिथल्या तिथे अंतरा दुप्पट लांबवला. मी लाजेनं सतरंजीकडे बघत बसलो. दुर्दैवानं बंदिश पहिल्यापेक्षा चांगली झाली होती.

माझी पाच जणांनी मिळून गायची बंदिश मात्र सहा वर्षं कपाटात पडून होती. यंदाही अर्ज नामंजूर झाला, तेव्हा मी संगीत सोडायचं ठरवलं आणि पेटी विकायला काढली. कुठून तरी ते त्याच्या कानावर गेलं आणि हा दारात हजर.

"पेटी राहू दे. चेणे गावात तुझी बंदिश लोकांनी वाटून घेतलीये. मुखडा तेवढा मी माझ्यासाठी ठेवलाय."

"कोणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर तू मलाच अर्ज करायला लावला असतास."

महिन्याभरानं चेण्यात एका अंगणात पाच जणांनी ती गायली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी गाणं संपताच विचारलं, "माजा तुकरा कंचा हाय?" मी त्यांचा तुकडा पुन्हा गायला लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी मागे वळून पाहिलं. माझा गुरुबंधू शेवटच्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडत होता, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. त्याच्या इतक्या बंदिशी मी ऐकल्या, प्रत्येक वेळी चूक शोधत ऐकल्या. दुसऱ्याच्या गाण्यावर असं रडणं मला एकदाही जमलं नाही. त्याचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.