मेलेल्या केंडाचा टोप

तेरुबेआच्या तळहातावर काटा बोचायला कोरी जागा उरली नव्हती. मिसरूड फुटल्यापासून तो काटेरी केंड मासे धरत आला होता. ताबितेउएआ बेटाच्या त्या टोकाला लढाईचे टोप करणारा तो एकटाच.

केंड पोहायला मंद, पळायला नालायक. त्याला फासळ्या नाहीत. म्हणून तर कुणी छेडलं की तो घटाघटा पाणी गिळतो आणि भोपळ्यासारखा फुगतो. एरवी अंगालगत निजलेले काटे कातडी ताणली की ताठ उभे राहतात. प्रत्येक काट्याला कातडीखाली पाय असतात, आणि ते पाय शेजारच्या काट्यांच्या पायांवर रेलून बसतात. तेरुबेआ त्याला डिवचून डिवचून फुगवी आणि फुगलेला तसाच वाळूत पुरी. कातडी कडक झाली की उकरून त्याचा टोप करी. त्या टोपावर मुशीचे, म्हणजे शार्कचे, दात लावलेली तलवार पडली, तरी काट्यांत अडकून राही.

त्या साली अळू पिकवायच्या एका खड्ड्यावरून त्याचा मुलगा बाकोआ आणि शेजारचा कौराबी भांडले. दोघांनी चिलखत घालून लढावं, असं सभाघरातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. रक्त काढायचं, खाली बसवायचं, पण जीव घ्यायचा नाही. जीव घेणाऱ्याची जमीन मेलेल्याच्या घरी जाते. आणि टोप करणाऱ्यानं दोन्ही बाजूंना टोप द्यायचा, त्याला नाही म्हणण्याची सोय नाही.

तेरुबेआनं दोन केंड आणले. एक छान फुगला. दुसरा फुगण्याआधीच टोपलीत मेला. समुद्र खवळलेला, तिसरा मिळेना. मग त्यानं मेलेल्याच्या पोटात काथ्या ठासला. काटे उभे राहिले, पण खालचे पाय ढिलेच. डोळ्यांना फरक दिसत नव्हता. त्याच्या बोटांना तेवढा कळत होता.

कौराबी टोप न्यायला आला तो हसतच.

"काका, मोठा मला द्या. तुमच्या बाकोआला नारळाची करवंटीही पुरेल."

तेरुबेआही हसला. आईविना वाढवलेलं एकुलतं पोर त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्यानं मेलेल्या केंडाचा टोप उचलला आणि स्वतःच्या हातानं कौराबीच्या डोक्यावर बसवला. जरा दाबूनच बसवला.

लढाई फार चालली नाही. बाकोआनं तलवार टोपावर हाणली. काट्यांत दात अडकले की हिसका देऊन गड्याला खाली पाडायचं, हा बेटावरचा जुना डाव. पण दात अडकले नाहीत. काटे लवले, कातडी चिरली आणि तलवार आत गेली. कौराबी पडला. त्याला उठवायला बाकोआनं हात पुढे केला, आणि तो हात कितीतरी वेळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी बाकोआच्या जमिनीची हद्द पायांनी आखली. अळूचे खड्डे, माड, केवडा, सगळं कौराबीच्या आईकडे, नेई तेबाराकडे गेलं. ती ओंजळीत राख असावी तशी बसून होती.

बाकोआ घरी आला तो चिरलेला टोप घेऊन. त्यानं कातडी उलटी केली आणि एकेक काटा बुडाशी हलवून पाहिला. हे काम त्याला बापानंच शिकवलं होतं.

"बाबा, हा मेलेला होता."

तेरुबेआनं होकाराची मान हलवली.

"तुम्ही मला सांगायचं होतं. मी हात आवरला असता."

"तू वाचावास म्हणून केलं रे."

"वाचलो ना," बाकोआ म्हणाला.

त्यानं आपली चटई गुंडाळली, माडी काढायचा धारदार शिंपला कमरेला खोचला आणि तो नेई तेबाराच्या दारी गेला. तिच्या घरी माडावर चढणारं कुणी उरलं नव्हतं. तिनं त्याला आत ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तेरुबेआला आपलं पोर माडाच्या शेंड्यावर दिसे. माडी काढताना बेटावर सगळेच गातात. बाकोआ गात नसे. खाली उतरला की भरलेली करवंटी तो नेई तेबाराच्या उंबऱ्यावर ठेवी आणि बापाच्या झोपडीवरून, मान न वळवता, पुढच्या माडाकडे जाई.