आईने नाही म्हटलं होतं

तुमची आई गेली, तर तिचा देह कोणाचा? तुमचा?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. मी दिलं होतं — आणि खोटं दिलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईच्या सख्ख्या बहिणीला, माझ्या मावशीलाही नाही.

मी काळाचौकीच्या चाळीत पत्रकं वाटत वाढलो. आधी वडिलांच्या युनियनची, मग माझी स्वतःची. देहदानावरचं पत्रक मीच लिहिलं. देह ही कुणाची मालमत्ता नाही, तो शिकणाऱ्यांना द्या — त्यातलं एकही वाक्य मला आजही मागे घ्यावंसं वाटत नाही.

ते मी आईला वाचून दाखवलं होतं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "छान लिहिलंयस. पण मला नको हां, बाबू. जन्मभर एका खोलीत राहिले, मोरीत परकर नेसून आंघोळ केली. आता त्या पोरांपुढे उघडी पडू होय? मला आपलं जाळून टाक."

मी हसलो. "तेव्हा तुला कुठे कळणारे?"

"तुला कळेल ना," ती म्हणाली.

ती आजारी असताना एकदा मित्रांबरोबर चहा पिताना त्यांच्यातला दिन्या म्हणाला, "काय रे, पत्रक फक्त दुसऱ्यांच्या आयांसाठी काय?" सगळे हसले. मीही.

परळच्या इस्पितळात ती गेली, तेव्हा हेच मित्र जिन्यावर उभे होते. मी देहदान करणार म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट दोनदा विचारली — आईंनी कधी नकार दिला होता का? मृतदेह कायद्याने कुणाच्याच मालकीचा नसतो. नातेवाइकाकडे असतो तो नुसता ताबा, आणि जिवंतपणी उच्चारलेला नकार त्या ताब्यापेक्षा मोठा. हे मला पाठ होतं. मीच छापलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तिचीच इच्छा होती."

दुःखात सुचलं नाही म्हणून? छे. सगळं स्वच्छ सुचत होतं. जिन्यावरच्या मित्रांपुढे मला खाली बघायचं नव्हतं — बस्स. माझी लाज राखायला मी आईची दिली.

मावशीने विचारलं, "अक्का तर नको म्हणायची ना रे?" म्हटलं, शेवटी मन बदललं तिचं. मावशीने डोळे पुसले, मान डोलावली.

मग सभांमधून मी आईचं उदाहरण देत राहिलो. लोक टाळ्या वाजवायचे. दादरच्या सभेत मावशी स्वतःहून पुढे आली. अक्काने दिला, मग मी पण देते, म्हणाली आणि सही केली. मी थांबवलं तिला? मी फोटो काढला.

आईच्या देहावर विद्यार्थी शिकले असतील. त्यांचं शिकणं खरं आहे. त्याने माझं खोटं कमी होत नाही.

मावशी माझं छापलेलं सगळं वाचते. हेही वाचेल.

तुम्ही एवढं करा. आज आईला विचारा. हो म्हणाली तर उत्तम. नको म्हणाली तर तिची समजूत घालत बसू नका. शेजारच्यांना बोलवा आणि तिला तेच त्यांच्यासमोर पुन्हा म्हणू द्या. तिचा नकार एकट्या मुलाच्या हाती ठेवू नका.