नसलेला दीर

रिसॉर्टच्या काउंटरवर आम्ही तिघे उभे होतो: माझी बहीण, तिचा नवरा आणि मी. भावोजी बोटीवर नोकरीला, नुकतेच सुट्टीवर आलेले. रत्नागिरीजवळ, आरे-वारेच्या रस्त्यावरच्या या रिसॉर्टमध्ये त्यांनी टाइमशेअर घेतला होता. वर्षातला एक आठवडा त्यांचा. ते समुद्रावर असले तरी देखभालीचा खर्च चुकत नसे.

किल्ली मागितल्यावर काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिले आणि मॅनेजरला बोलावले.

"जुनी बाकी आहे, सर," मॅनेजर म्हणाला. "मागच्या खेपेला तुमचे बंधू सहकुटुंब राहून गेले. जेवणाचं बिल, शिवाय टीव्ही फुटला. न भरताच गेले. ते मिटल्याशिवाय खोली देता येणार नाही."

भावोजी आईवडिलांचे एकुलते एक.

"माझे बंधू," ते सावकाश म्हणाले.

ताई मान खाली घालून होती. भावोजी बोटीवर असताना तिने तो आठवडा पुण्याच्या एका कुटुंबाला भाड्याने दिला होता. परकी माणसे त्या खोलीत नकोत, असे भावोजींनी बजावले होते. रिसॉर्टच्या नियमातही फक्त नातेवाईक बसत. म्हणून तिने नात्याच्या रकान्यात ‘दीर’ लिहिले. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते.

भावोजींनी तिच्याकडे एकदा पाहिले. मग मॅनेजरला विचारले, "भावाचं बिल कोणी भरायचं?"

"सभासदानं. तुमच्या नावावर जो राहतो त्याची जबाबदारी तुमची."

"आणि तो भाऊ नसला, भाडेकरू असला तर?"

"तरी सभासदानंच. वर, न विचारता भाड्यानं दिलं म्हणून सभासदत्व स्थगित होतं."

"त्याच्याकडून तुम्ही वसूल नाही करत?"

"आमचा करार तुमच्याशी, सर. त्यांच्याशी तुम्ही बघा."

आमच्या मागे रांगेत मुंबईचे एक गृहस्थ होते. "आटपा हो, पोरं उपाशी आहेत," ते म्हणाले.

भावोजींनी पाकिटातून कार्ड काढले. "आमचा धाकटा पहिल्यापासून असलाच," ते मॅनेजरला म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हते.

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लावले. "नंबर दे त्याचा."

"अहो, आठवडा फुकट जात होता," ताई म्हणाली.

"मला विचारायचंस."

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणजे ठाऊक होतं तुला."

ताईने नंबर दिला. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला.

"नमस्कार. रत्नागिरीहून तुमचा थोरला भाऊ बोलतोय," भावोजी म्हणाले. फोन कट झाला. पुन्हा लावला तेव्हा बंद होता.

ताई बॅग उघडायला वाकली. भावोजी पलंगाकडे बघत उभे होते.

"राहू दे, अगो," ते म्हणाले. "घरी जाऊ."

बॅगा मी पुन्हा गाडीत ठेवल्या. किल्ली ताईने परत केली.