खुणा नसलेली मेंढरं

माझ्या कथेत एका सकाळी गावातल्या सगळ्या मेंढरांच्या कानांवरच्या खुणा नाहीशा होतात. कुणाचं मेंढरू कुणाचं ते कळेनासं होतं, आणि 'माझं' या शब्दाचं आता करायचं काय, हा प्रश्न गावापुढे उभा राहतो. बस, एवढीच कथा. एका संपादकांनी ती परत पाठवली. सोबत चिठ्ठी : "तुम्ही मेंढपाळाच्या घरच्या. तिथलं अस्सल जगणं लिहा. असल्या तात्त्विक कोड्यांशी त्या माणसांना काय देणंघेणं?"

मला संताप आला. म्हणजे आमच्या माणसांनी कथेत यायचं ते भेगाळलेले पाय घेऊन. विचार करायचा तो शहरात. पण चार दिवसांनी संपादकांचं म्हणणं मला पटायलाही लागलं, आणि त्याची जास्त भीती वाटली. मी ठरवलं, कथा काकांना वाचून दाखवायची. त्यांनाही पोकळ वाटली तर फाडून टाकायची आणि संपादकांना हवी तशी लिहून द्यायची.

आमच्या गावी पोचले, तेव्हा अंगणात लोकर कातरणं चाललं होतं. बरंच झालं. हातात मेंढरू असलं की ऐकणारा उठून जात नाही. काका आणि शेजारचे आप्पा कातर चालवत होते, काकू मेंढरांचे पाय धरून बसली होती. मी बाजेवर बसून वाचलं.

काकांनी कातर थांबवली. "असं कधी होतं व्हय? खूण परक्यासाठी असती. आमी मेंढरू तोंडावरून वळखतो. याच घरात वाढली अन् तुला ठावं न्हाई?"

माझं तोंड एवढंसं झालं. लहानपणी मीसुद्धा तशीच ओळखायची की! कथा पायातच चुकली होती. मी कागद आवरायला लागले.

"काहून आवरून राहिली?" काकू म्हणाली. "तोंडं बी सारखी झाली म्हन. मंग?"

"मंग बराबर वाटून घ्यायची," आप्पा म्हणाले.

"अन् माझं मेंढरू तुझ्या वाट्याला आलं, तर ते तुझं व्हय?" काका उसळले.

"तुला वळखूच येत न्हाई, तर तुझं कसं?"

"मला ठावं नसलं म्हनून काय झालं? माझं ते माझंच!"

अर्धं कातरलेलं मेंढरू निसटून अंगणभर हिंडत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. 'असं कधी होतं व्हय' हे पुन्हा कुणी म्हणालं नाही. मला इतका आनंद झाला की आवरलेले कागद मी पुन्हा मांडीवर पसरले.

आठवड्याने काकूचा फोन आला. "तुझे काका अन् आप्पा बोलंनात एकमेकाला. चहा बी येगळा."

"काय झालं?"

"तुझी ती मेंढरं! अजून वाटनी व्हईना."

फोन ठेवून मी एकटीच मोठमोठ्याने हसले. मग काकूचं वाक्य कथेत घातलं, 'तोंडंही सारखी झाली', आणि बाकी एक अक्षर न बदलता कथा त्याच संपादकांकडे परत धाडली. सोबत चिठ्ठी : "त्या माणसांना देणंघेणं आहे. सध्या त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे."