दाराजवळचं स्टूल

सायकालचा उजवा पाय गुडघ्याखालून गवत कापायच्या यंत्रात गेला, तेव्हा ती रडली नाही. तिला राग आला. नवा पाय बसला तरी तो राग उतरला नाही, उलट वाढला.

नवा पाय बुटात छान चाले. पण नारीन प्रांतातल्या तिच्या डोंगरी खेड्यात बूट घालून घरात कोण जातं? वरचा रबरी जोडा उंबऱ्याशी काढायचा आणि आतल्या मऊ चामडी मोज्यांनी गालिच्यावर यायचं. धाकट्या दिराकडे तिनं टाचेचा बूट काढला आणि पाय तिला मागे ढकलू लागला. वळताना तोल गेला, ती मांडलेल्या जेवणात, थेट रोट्यांवर बसली.

तेव्हापासून जाऊ तिच्यासाठी दाराजवळ स्टूल मांडू लागली. इथं बूटही काढायला नको, म्हणे. दाराजवळ बसते ती चहा ओतणारी सगळ्यांत धाकटी सून. सायकाल घरातली थोरली. याच दिराला तिनं न्हाऊमाखू घातलं होतं, ही जाऊ तिनंच पसंत केली होती. दारासमोरच्या भिंतीकडची मानाची जागा तिची. अख्खा हिवाळा ती सगळ्यांच्या पाठी बघत बसली आणि सगळे तिची काळजी घेत राहिले.

बर्फ वितळू लागल्यावर ती शहरात, पाय बनवणाऱ्या एमिलकडे गेली. तो म्हणाला, पाय उत्तम आहे, बूट काढू नका, झालं. तिनं पिशवीतून चामडी मोजे काढून त्याच्या टेबलावर आपटले.

"यात उभं राहता येईल असा कर."

"मावशी, आम्ही सगळ्यांचा पाय टाचेच्या बुटाच्या उंचीलाच बसवतो."

"तुझ्या आईच्या घरी तू रोटीशेजारी बूट घालून बसतोस?"

एमिलनं पाय काढून घेतला. त्यानं घोट्यातले स्क्रू सैल केले, पाऊल जरा कलतं केलं, पुन्हा आवळले. त्याचा चहा निवायच्या आत काम संपलं. ती मोजे घालून चालली. पाय ढकलत नव्हता. आता मावशी दुवा देईल, असं त्याला वाटलं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मग घरात काय घालता, हे आधी का नाही विचारलंस?"

नौरोजच्या, नव्या वर्षाच्या जेवणाला स्टूल तयारच होतं. सायकालनं रबरी जोडा काढला, नव्या पायानं स्टूल दाराकडे सारलं आणि सगळ्यांच्या मागून चालत जाऊन भिंतीपाशी बसली.

"वहिनी, तिथं अवघडेल तुम्हाला," दीर म्हणाला.

"अवघडू दे. चहा आण."

सारलेलं स्टूल दारात अडकलं होतं. येणारा प्रत्येक पाहुणा अंग चोरून आत येत होता. ते उचला, असं सायकाल कुणालाच म्हणाली नाही.