जात्याचा खुंटा

माणूस गेलं की घरात दोन गोष्टी साठतात: भेटायला येणाऱ्यांनी आणलेली केळी आणि किस्से. आजीला जाऊन महिना झाला. केळी काळी पडली, किस्से अजून चालू आहेत! त्यात आमचे बदलापूरकर मीठमसाला लावणार. म्हणून म्हटलं, खरे ते मीच लिहितो. चौथी शिकलोय, चुका काढू नका.

*

आजोबा तरणेपणी गेले. आजीने लोकांचं दळण दळून पोरं वाढवली. गावात लग्न निघालं की हळद दळायला जातं आमच्याकडूनच जायचं. पण हळद दळणार सवाष्णी, विधवेने हात लावायचा नाही. आजी दारातून ओरडायची, "माझं जातं चालतं, मी चालत नाही! लावीनच हात एक दिवस."

*

माझ्या हळदीला तिने जात्याकडे हात नेला. तिचीच मुलगी, म्हणजे माझी आत्या, आडवी आली. "आये, अपशकुन नको!"

आजी गोठ्यात जाऊन बसली. नवरदेव मी, पण एक शब्द बोललो नाही. गाढव होतो, दुसरं काय!

संध्याकाळी मला म्हणाली, "तू तर गेलास हातातून. आता तुझ्या पोरीच्या वेळेला बघते."

पोरगी? मला तेव्हा बायको पण धड ओळखत नव्हती!

*

एकदा मी तिला उल्हासनगरला मिक्सर घ्यायला नेलं. सिंधी दुकानदार म्हणाला, "अम्मा, इसमें सब पिसता है."

आजीने कनवटीचं हळकुंड काढलं. "ये पीस."

मिक्सर घरघरला, थरथरला, धूर सोडून गप्प झाला.

"सेठ, इसको पहिला दवाखाने में दिखाव!"

सेठ पोट धरून हसला. चहा पाजला, पण पुन्हा मिक्सर दाखवला नाही!

*

घर पाडून बिल्डिंग करायची ठरली. बिल्डर आजीचा अंगठा घ्यायला आला.

"माझं जातं कुठे ठेवशील?"

"आजी, फ्लॅटमध्ये जातं कोण ठेवतं?"

"मग अंगठा पण नाही."

दोन पावसाळे गेले! शेवटी त्यानेच जात्याला जागा देतो म्हणून लिहून दिलं. चार हमाल जातं घेऊन चौथ्या मजल्यावर चढले. आजी मागून काठी आपटत, "हळू रे मेल्यांनो! तुमच्या आजीपेक्षा म्हातारं आहे ते!"

*

मग माझ्या पोरीची हळद. आजी नव्वदीच्या पुढे. आत्या पण म्हातारी, तरी खुर्चीतून हुकूम चालूच. पाच सवाष्णी बसल्या, जात्याला सुपारी बांधली, आणि बघतात तर जात्याचा खुंटा गायब! खुंट्याशिवाय जातं फिरवणार कशाला धरून? सोफ्याखाली बघितलं, फ्रीजवर बघितलं. खाली डीजेवाला ताटकळलेला.

आजीने हळूच पदर बाजूला केला. मांडीवर खुंटा.

"हा पाहिजे ना? हातासकट मिळेल."

"आये, पोरीचं वाईट होईल गं!" आत्या ओरडली आणि माझ्यावर घसरली, "बाप ना तू? सांग तिला!"

मी म्हटलं, "मागच्या वेळी गप्प बसलो, या वेळी पण गप्पच बसतो."

पोरगी उठली. आजीच्या मांडीला मांडी लावून बसली आणि दोन्ही हात वर धरले.

"पणजी, माझी मेंदी ओली आहे गं. तूच फिरव!"

मेंदी आदल्या दिवशीच सुकली होती.